हातचा एक : अ‍ॅडलेडच्या फलकावर ९९ चे १०५ झाले (भाग ७)

काल रात्री पावणेबाराला माझ्या मॉडेलच्या फलकावर १५.९ (९९), म्हणजे १५ गोल, ९ बिहाइंड आणि कंसात एकूण गुण, असं लावलं आणि गोलची मूठ एक पूर्ण फेरा फिरवली. १६.९ (१०५). मागे आणलं, पुन्हा फिरवली. १०५. मग वही घेऊन बसलो आणि साठ वेळा फिरवली. साठही वेळा १०५ आले. एकदाही १०४ नाही, एकदाही अर्धा शून्य आणि अर्धा एक असं लोंबकळलेलं नाही. भाग ५ पासून जे सोबत आहेत त्यांना या एका आकड्यापायी किती रविवार गेले ते माहीत आहे. म्हणून आज सकाळी चहा होताच हे लिहायला बसलोय.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. हे अ‍ॅडलेड ओव्हलच्या जुन्या फलकाचं १:२४ मापाचं चालतं मॉडेल आहे. फलक १९११ चा, केनेथ मिल्न या वास्तुविशारदाचा, आत चार मजले, आणि आजही माणसं आत उभी राहून हातानेच आकडे बदलतात. मी सुरुवात केली ती हजाऱ्यांसाठी. जानेवारी १९४८, समोर ऑस्ट्रेलियाचे वेगवान गोलंदाज लिंडवॉल आणि मिलर, भारत डावाने हरला, पण आपल्या सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्यात १४५ केल्या. ती पुढची बाजू भाग ४ मध्ये पूर्ण झाली. मागची बाजू मोकळी होती, आणि तिथे मी १९५३ चं फुटबॉल कार्निव्हल लावतोय. हा आपला फुटबॉल नव्हे, ऑस्ट्रेलियन रूल्स. तिथल्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या जुलैत, त्याच मैदानावर सगळी राज्यं जमली होती. तेव्हापासून मी या कामाला धावफलक म्हणत नाही, गुणफलक म्हणतो.

कार्निव्हलच का, असं भाग ५ खाली दोघांनी विचारलं होतं. एरवी हा खेळ तिथे आपापल्या राज्याच्या लीगमध्ये चाले. पर्थचा माणूस पर्थमध्ये खेळे, होबार्टचा होबार्टमध्ये. कार्निव्हलमध्ये मात्र राज्यांचे संघ एका शहरात उतरत आणि दहा-बारा दिवस एकमेकांशी भिडत. युद्धामुळे १९३७ च्या पर्थनंतर थेट १९४७ ला होबार्टला गाठ पडली. म्हणजे दहा वर्षं. कितीतरी खेळाडूंची उमेदीची सगळी वर्षं त्या दहांत गेली. मग १९५० ला ब्रिस्बेन, १९५३ ला अ‍ॅडलेड, १९५६ ला पर्थ आणि १९५८ ला मेलबर्न. पाचही वेळा व्हिक्टोरियाच जिंकलं. मुंबईने सलग पंधरा वर्षं रणजी नेली तेव्हा बाकीच्या संघांना काय वाटलं असेल ते आठवा. शेवटी १९६१ ला ब्रिस्बेनमध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने ती साखळी तोडली. यात आणखी एक गंमत आपल्याला चटकन कळेल अशी आहे. १९५० ते १९५८ च्या कार्निव्हलांत व्हिक्टोरिया राज्यातूनच दोन संघ उतरत, एक व्हीएफएलचा आणि दुसरा व्हीएफएचा, म्हणजे तिथल्या दोन वेगळ्या फुटबॉल संघटनांचे. परदेशी वाचकाला हे समजावून सांगावं लागतं. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन रणजी संघ पाहत वाढलेल्या आपल्याला ते सांगावं लागत नाही.

आता मूळ दुखणं.

क्रिकेटच्या बाजूला मी आकडे नुसते लावले होते, त्यांना हलायचं काम नव्हतं. फुटबॉलच्या बाजूला मला फलक खेळता हवा होता. मधल्या दोन खांबांमधून चेंडू गेला की गोल, त्याचे ६ गुण; बाजूच्या खांबांमधून गेला की बिहाइंड, त्याचा १. प्रत्येक संघाला सात खिडक्या : गोलच्या दोन, बिहाइंडच्या दोन, एकूण गुणांच्या तीन. एक मूठ गोलची, एक बिहाइंडची. गोलची मूठ फिरली की गोल एकने वाढावेत आणि गुण सहाने, आपोआप. इथे फसवणुकीला जागा नाही. गोल गुणिले सहा अधिक बिहाइंड म्हणजे गुण. एक दाता इकडेतिकडे झाला की फलक खोटं बोलतो, आणि समोर बसलेल्या कुणालाही ते दिसतं.

आकड्यांची नळकांडी दोन इंची पीव्हीसी पाइपाची आहेत. परीघ जवळजवळ १९० मिमी, म्हणून एका आकड्याला १९ मिमी मिळतात. बाजूला ३ मिमी अ‍ॅक्रिलिकची दहा दात्यांची चकती, आस म्हणून सायकलचा स्पोक, आणि प्रत्येक दात्यावर थांबण्यासाठी बॉलपेनची स्प्रिंग आणि छर्रा. पहिल्या रचनेत एकाच ओढीत सहा दाते खेचले जायचे, आणि ती का फसली ते भाग ६ मध्ये लिहिलंय : जोरात ओढलं की सात, हळू ओढलं की पाच. त्यावर सुहृदांनी सुचवलेली सहा खुंट्यांची चकती बसवली. मूठ एक पूर्ण फेरा फिरते, प्रत्येक खुंटी एकच दाता ढकलते आणि दोन खुंट्यांच्या मध्ये छर्रा खळग्यात बसायला वेळ मिळतो. टक टक टक टक टक टक. बिहाइंडच्या मुठीला एकच खुंटी, म्हणजे एक टक. ही रचना पहिल्या दिवसापासून उत्तम चालली. ज्यांनी सुचवली त्यांचे मनापासून आभार.

उरला तो हातचा. शाळेत एकक-दशक-शतक शिकताना बाई सांगायच्या, नऊ आणि एक दहा, शून्य मांडा, हातचा एक. तो हातचा एक कागदावर फुकट मिळतो. यंत्रात त्याची किंमत मोजावी लागते. एककाचं नळकांडं ९ वरून ० वर येताना त्याची बाजूची खुंटी दशकाच्या नळकांड्याला ढकलते, म्हणजे त्या एका दात्यासाठी हाताला दोन नळकांडी ओढावी लागतात. तेवढं जमत होतं. पण ९९ वरून १०० होताना तिन्ही एकदम हलतात. तीन नळकांडी, तीन स्प्रिंगा, तीन छर्रे, आणि सगळा भार एका तीन मिमी जाडीच्या दात्यावर. दाता किंचित वाकतो, पाइप किंचित दबतो आणि शतकाचं नळकांडं निम्म्यात थांबतं. खिडकीत वर अर्धा शून्य, खाली अर्धा एक.

बरं, दर वेळी थांबलं असतं तर कारण लगेच सापडलं असतं. म्हणून ९४ पासून ९९ पर्यंत प्रत्येक आकड्यावरून दहा-दहा वेळा गोल केला. ९५, ९६, ९७, ९८ जवळजवळ नेहमी बरोबर. ९४ वरून दहापैकी सहा वेळा अडलं. ९९ वरून दहापैकी सात वेळा. दोन रात्री या तक्त्याकडे नुसता बघत होतो. मग लक्षात आलं की ९९ वरून जाताना हातचा पहिल्याच खुंटीला येतो, मूठ नुकती हलायला लागलेली असते. ९४ वरून जाताना तो सहाव्या खुंटीला येतो, तेव्हा फेरा संपत आल्याने हात आपोआप सैल पडतो. मधल्या आकड्यांना मुठीचा वेग तारून नेतो. म्हणजे माझी रचना वेगाच्या उधारीवर चालली होती. ते मला पटणारं नव्हतं. फलक सावकाश फिरवला तरी खरा बोलला पाहिजे.

मग एकेक उपाय. शिवणयंत्राचं तेल घातलं. दोन दिवस मऊ चाललं, तिसऱ्या दिवशी धूळ धरली आणि एका ८ चा रंग ओघळला. ते सगळं रॉकेलने पुसून पेन्सिलच्या शिशाची पूड लावली. अ‍ॅक्रिलिकला तीच चांगली, तेलाच्या वाटेला जाऊ नका. शतकाच्या नळकांड्याला भोकं पाडून हलकं केलं, फरक नगण्य. शेवटी पितळी दात्यांची चक्रं ऑनलाइन मागवली. बारा दिवसांनी डबा आला तो दुसऱ्याच मापाच्या दात्यांचा, आणि परत पाठवायचा खर्च मालाइतकाच. आता माझं मत पक्कं आहे. दात्यांची वस्तू हातात धरून, एकात एक अडकवून बघितल्याशिवाय घेऊ नये. बोहरी आळीत उभं राहून घासाघीस करायला एक दुपार जाते, पण घरी येते ती वस्तू बसणारीच असते. लेझर कटिंगवाल्याचीही एक गोष्ट लक्षात ठेवा : किरणाची रुंदी तो फाइलमध्ये धरत नाही, ती आपण धरायची. माझी पहिली चकती त्यामुळेच आसावर लडबडत होती.

उत्तर मिळालं ते गेल्या रविवारी, कामाच्या टेबलापासून लांब. भाच्याचा सामना बघायला सकाळी मैदानावर गेलो होतो. तिथला फलक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. काळी फळी, तिला खिळे, आणि खिळ्यांवर अडकवायच्या पत्र्याच्या पाट्या. साधारण बारा वर्षांचा एक मुलगा पाट्या बदलत होता. धावा ९९ झाल्या. पुढचा चेंडू मिडविकेटला ढकलून एक धाव. मुलाने दोन नवांच्या पाट्या काढून दोन शून्यं लावली, वाकून गवतात पडलेली १ ची पाटी उचलली, चड्डीला पुसली आणि इतका वेळ रिकाम्या असलेल्या तिसऱ्या खिळ्याला अडकवली.

मी तिथेच उभा राहिलो. शतकाचा आकडा मोजायचा नसतोच. तो एकदा लावायचा असतो. आठवडेच्या आठवडे मी एका नळकांड्याला दहा आकडे रंगवून, स्प्रिंग लावून, दाते कापून फिरवत बसलो होतो, आणि त्याचं आख्ख्या सामन्यात काम एकदाच!

घरी येऊन शतकाची दोन्ही नळकांडी काढून टाकली. त्यांच्या जागी खिडकीच्या वरच्या कडेला बिजागरीवर एक पाटी, तिच्यावर १. पाटी एका आकडीने वर धरून ठेवलेली. दशकाचं नळकांडं ९ वरून ० वर येताना त्याची खुंटी आकडीचं शेपूट उचलते आणि पाटी आपल्या वजनाने खाली येते. मुठीवर पडणारा भार काडेपेटीतली काडी सरकवण्याइतका. शंभर करण्याचं काम हाताने करायचंच नाही, ते जमिनीच्या ओढीकडे सोपवलं.

पहिली पाटी कोल्ड्रिंकच्या कॅनची कापली. फार हलकी, पंख्याच्या वाऱ्याने फडफडायची. दुसरी तुपाच्या डब्याच्या पत्र्याची, ती छान पडली पण खाली आपटून उसळायची आणि क्षणभर १ नाचायचा. तिथे फेल्टची पट्टी हवी होती. बाजारातला चिकटपट्टीवाला फेल्ट महिन्याभरात चेपतो, म्हणून हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यांकडे गेलो. त्यांनी पट्ट्यांखाली घालायचा लाल फेल्ट बोटभर कापून दिला आणि पैसे घेतले नाहीत. आता पाटी पडते तेव्हा "टप्" असा एकच दबका आवाज येतो. टक टक टक टक टक टक, आणि पहिल्या किंवा शेवटच्या टकच्या पाठोपाठ टप्. काल रात्री साठ वेळा ऐकला तो हाच आवाज.

यातून आणखी एक गोष्ट आपोआप सुटली. आधी फलकावर ०५८ दिसायचं आणि ते शून्य डोळ्यांना खुपायचं. आता शंभर होईपर्यंत ती खिडकी काळी राहते. दोनशेची पाटी सध्या करत नाही. मी लावणार आहे ते चुरशीचे सामने.

बाकीची प्रगती भराभर सांगतो. फलकावरचं घड्याळ चालू झालं, बायकांच्या जुन्या मनगटी घड्याळाचं यंत्र बरोबर बसलं. वातकुक्कुट अजून बाकी आहे. गोल पंच मात्र झाला आणि तो मला फार आवडलाय. ७५ मिमी उंच, लांब पांढरा कोट, डोक्यावर हॅट, दोन्ही हातांत एकेक निशाण, कारण गोलला दोन निशाणं आणि बिहाइंडला एक. कोट जुन्या रुमालाचा, पातळ फेविकॉलमध्ये बुडवून अंगावरच वाळवलेला, त्यामुळे गुडघ्यापाशी खऱ्या कापडासारख्या चुण्या पडल्यात. पुढचा पुतळा मर्व्ह मॅकिन्टॉश यांचा. पर्थ क्लबचे रकमन (उंच उडी मारून चेंडूसाठी झगडणारे खेळाडू), त्या कार्निव्हलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं टॅसी पदक त्यांना मिळालं आणि त्याच वर्षी त्यांच्या राज्याचं सॅन्डोव्हर पदकही. टॅसी या नावावरून मलाही आधी टास्मानिया वाटलं होतं, पण ते एरिक टॅसी या प्रशासकांचं आडनाव आहे. आणि १९५३ लाच कार्निव्हल संपल्यावर पहिला ऑल-ऑस्ट्रेलियन संघ निवडला गेला. सगळ्या राज्यांतून एक संघ, तोही कागदावर. या खेळाला तेव्हा दुसरा देश समोर नव्हता, त्यामुळे त्या संघाने कुणाशी खेळायचं हा प्रश्नच नव्हता. तरी त्यात नाव येणं हाच मोठा मान. ही गोष्ट मला मनापासून भावते.

सामन्यांचे आकडे मी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्ह या संकेतस्थळावरून, अ‍ॅडलेडच्या जुन्या वर्तमानपत्रांतून काढतोय. तिथली बहुतेक दैनिकं १९५४ पर्यंतच उघडी आहेत. मी १९५६ चं पर्थ न घेता १९५३ घेतलं त्याचं हेही एक कारण. मजकूर यंत्राने वाचलेला असल्याने ३ चे ८ आणि १ चे ४ झालेले असतात. इथे सहाचा पाढा कामी येतो : गोल गुणिले सहा अधिक बिहाइंड जुळलं नाही की मूळ पानाचं चित्र उघडायचं. चूक सापडली की मी तिथली ओळ दुरुस्तही करतो, वाचकांना तशी मुभा आहे. तुमच्यापैकी कुणाला रात्री झोप येत नसेल तर हे काम जरूर करा, फार समाधान देतं.

वर्तमानपत्रांत प्रत्येक क्वार्टरअखेरचे आकडे छापलेले असतात. त्यामुळे आधी ठरवलं होतं की फलकावर चार टप्पे दाखवायचे, एवढंच. पण आता मूठ चालते म्हटल्यावर वृत्तांतातून गोलांचा क्रम जमेल तेवढा लावून आख्खा सामना फिरवावासा वाटतोय. एका संघाला एक माणूस लागेल, भाचा तयार आहे.

आणि हे लिहिता लिहिता दुसरंच काही सुचलंय. थांबून पाच मिनिटं फलकाच्या पुढच्या बाजूला जाऊन बघून आलो. जमेल. हजाऱ्यांच्या बाजूला त्यांच्या नावापुढे १४५ हा आकडा मी कायमचा बसवून टाकलाय. पण त्या कसोटीत त्यांच्या नावापुढची शतकाची खिडकी दोनदा भरली. दोनदा ९९ च्या पुढे जाऊन तो १ आला. मग तो माझ्या फलकावर दोनदा पडायला नको का? एक खुंटीची मूठ तयार आहेच, एक धाव म्हणजे एक फेरा, चौकार म्हणजे चार. संघाच्या धावा हातानेच बदलेन, ३८१ आणि २७७ साठी पाटीचं तंत्र पुरणार नाही. पण हजाऱ्यांचा आकडा त्यांच्या धावांबरोबर वाढत जाईल आणि शंभराला टप् होईल.

त्यासाठी अ‍ॅरल्डाइटने चिकटवलेली १४५ ची पट्टी कापून काढावी लागेल. भाग ४ मध्ये ती बसवताना दोन संध्याकाळी गेल्या होत्या, फोटोही तुम्ही पाहिलेत. तरीही काढतोय. मागच्या बाजूच्या वातकुक्कुटाचं काम त्यामुळे महिनाभर पुढे गेलं असं धरा.

अ‍ॅडलेडला माझी आतेबहीण असते. ओव्हलच्या फेरफटक्यात फलकाच्या आत नेतात, तिथले फोटो तिनेच पाठवले होते. सकाळी तिला साठ फेऱ्यांचा व्हिडिओ पाठवला. तिचा लगेच फोन आला, "दादा, मी परत जाते आत. आकड्यांच्या मागच्या बाजूचे जवळून काढू ना?" मी तिला नावांच्या पट्ट्या आतून कशा अडकवतात ते आधी बघायला सांगितलंय, कारण हजाऱ्यांच्या पट्टीला आता मागून हात घालायला जागा ठेवावी लागेल.

करवतीचं बारीक पातं उद्या बोहरी आळीतून आणतो. पीव्हीसीला धक्का न लावता अ‍ॅरल्डाइट सोडवायची कुणाला खात्रीची रीत माहीत असेल तर शनिवारच्या आत सांगा. गरम पाणी करून बघितलंय, ते पुरत नाही.